बँकेनं पर्सनल लोन नाकारलं, आता पुढं काय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांसाठी

गेल्या महिन्यात निपाणीहून मावसभावाचा फोन आला. "दादा, लोन रिजेक्ट झालं की. मेसेज आलाय. दुसऱ्या बँकेत टाकू काय?" म्हटलं, "टाकू नको. तो मेसेजही उडवू नको. आधी जेवून घे, मग बोलू."

दुसऱ्या बँकेत टाकायची चूक मी स्वतः करून बसलोय, म्हणून एवढ्या घाईनं त्याला अडवलं. उचगावच्या बाजूला आमचं गाव. घराचं छप्पर पावसाच्या आत बदलायचं होतं, आणि पश्चिम भागातला पाऊस कसा असतो ते तिथल्या माणसाला सांगायला नको. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब बघतो. पगार ज्या सरकारी बँकेत जमा होतो तिथंच तीन लाखांचा अर्ज केला. आठव्या दिवशी मेसेज आला की बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही. डोकं फिरलं. त्याच आठवड्यात आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकले. तिन्हीकडून नकार आला, वर त्या तीन अर्जांनी क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीतली पत दाखवणारा आकडा, आणखी खाली ओढला. चार महिन्यांनी कर्ज मिळालं, तेही त्याच पहिल्या बँकेकडून. तोवर पाऊस येऊन गेला होता आणि माळ्यावर आम्ही ताडपत्री मारून राहिलो होतो.

आधीच एक सांगून ठेवतो. कर्ज नाकारलं म्हणून कुठं 'अपील' करावं अशी कायद्यात सोय नाही. कुणाला कर्ज द्यायचं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपालसुद्धा तो फिरवू शकत नाही. लोकपाल योजनेतच तसं लिहिलंय. पण नाकारण्याचं कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. ते कारण चुकीच्या माहितीवर उभं असेल तर ती माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क तुमचा. त्यामुळं काउंटरवर आवाज चढवण्यात दिवस घालवू नका. कारण हातात घ्या आणि त्याच्या मागं लागा.

१. मेसेज जपा, नवे अर्ज थांबवा

मेसेजचा स्क्रीनशॉट काढा. अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, नकाराची तारीख वहीत लिहा. अर्ज भरताना पोच मिळाली असेल तर ती शोधून ठेवा.

तुम्ही अर्ज केला की बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कर्जांचा आणि हप्त्यांचा उतारा, मागवते आणि त्या चौकशीची नोंद रिपोर्टात राहते. महिनाभरात अशा चार-पाच नोंदी दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. आपला रिपोर्ट आपणच बघितला तर मात्र स्कोअरला काही होत नाही. बरेच लोक या भीतीपोटी स्वतःचा रिपोर्ट कधी उघडूनच बघत नाहीत.

याच दिवसांत तुम्हाला फोन यायला लागतील. 'पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो.' कसं साफ करणार, विचारा. रिपोर्टातली खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही आणि खोटी नोंद दुरुस्त करायला एक रुपया लागत नाही. ओटीपी, पॅनची झेरॉक्स, सही केलेला कोरा चेक असल्या लोकांच्या हाती देऊ नका.

२. कारण लेखी मागा

कर्जदारांशी कसं वागायचं याची उचित व्यवहार संहिता रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्ये आणली. लेखी कारण देण्याची अट सुरुवातीला लहान कर्जांपुरती होती. २००७ मध्ये ती सगळ्या कर्जांना लागू झाली, रक्कम कितीही असो, अगदी क्रेडिट कार्डाच्या अर्जालासुद्धा. म्हणजे 'पर्सनल लोनला कारण देत नाही' असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

शाखेत प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. मी गेलो तेव्हा कर्ज विभागात बदलीवर आलेले एक तरुण अधिकारी होते. मराठी येत नाही, कन्नडही नाही, हिंदीत बोलत होते. "सिस्टम रिजेक्ट है सर, हमारे हाथ में नहीं." तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा हेच. त्यांची तरी काय चूक? अर्जाचा निकाल दूर कुठल्यातरी कर्ज प्रक्रिया केंद्रात लागतो, शाखेच्या पडद्यावर दोन शब्द येतात. पण लेखी पत्र दिलं की ते पत्र त्या केंद्रापर्यंत जावं लागतं. तोंडी विचारलेलं काउंटरवरच मरतं.

पत्र लांबलचक नको. मी साधारण असं दिलं होतं:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: कर्ज अर्ज नामंजुरीचं लेखी कारण मिळणेबाबत. मी दि. … रोजी आपल्या शाखेत रु. … च्या वैयक्तिक कर्जासाठी अर्ज क्र. … केला होता. दि. … रोजी तो नामंजूर झाल्याचा संदेश मिळाला, त्यात कारण दिलेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेनुसार नामंजुरीचं मुख्य कारण लेखी कळवावं. क्रेडिट रिपोर्टच्या आधारे अर्ज नाकारला असल्यास कोणत्या कंपनीचा रिपोर्ट पाहिला आणि त्यातली कोणती नोंद अडचणीची ठरली, तेही कळवावं."

भाषेचं काय? आपल्याकडं हा प्रश्न लगेच भावनेचा होतो, म्हणून व्यवहारापुरतं सांगतो. मराठीत पत्र दिलं म्हणून काही बिघडत नाही, पण ते ज्याच्या टेबलावर जाणार तो माणूस बेंगळुरूत असेल, हैदराबादला असेल, नाहीतर मुंबईत. मराठी वाचता न आल्यानं पत्र आठवडाभर बाजूला पडलं तर नुकसान आपलंच. मी इंग्रजीत दिलं, कॉलेजात जाणाऱ्या पुतणीकडून लिहून घेतलं. तुमच्याकडं लिहून देणारं कुणी असेल तर तसंच करा.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता बाहेर या, शाखेच्या ईमेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टही करा. पावती वहीला पिन करून ठेवा.

३. चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढा

पत्राचं उत्तर येईपर्यंत हात बांधून बसू नका. देशात क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. 'सिबिल' हे आपल्याकडं सगळ्यांचंच नाव होऊन बसलंय, तसं ते नाही. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीनं पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम २०१७ पासून आहे. कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन पॅन आणि मोबाइल नंबर टाकून तो मिळतो. 'वर्षाचा प्लॅन घ्या' अशी पाटी आधी समोर येते, फुकटचा दुवा खाली कुठंतरी बारीक अक्षरात असतो. थोडं शोधा.

चारही काढा, कारण एकात नसलेली नोंद दुसऱ्यात सापडते. माझ्या बाबतीत दोन रिपोर्ट स्वच्छ होते आणि दोनांत घोळ होता.

४. रिपोर्टात नेमकं काय शोधायचं

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. लोक तो आकडा बघतात आणि रिपोर्ट बंद करतात. आकड्यात काही नाही, खालच्या पानांत बघा. एकेक खातं बोट ठेवून वाचा: कुणाचं कर्ज, कधी घेतलं, बाकी किती, थकीत किती, स्थिती काय.

माझं सांगतो. सात वर्षांपूर्वी एका फायनान्स कंपनीकडून मोटारसायकलचं कर्ज घेतलं होतं. सगळे हप्ते भरले, शेवटचा हप्ता गेला, आरसी बुकावरचा बोजा उतरवायचं राहिलं. रिपोर्टात ते खातं अजून चालू दिसत होतं आणि थकीत रक्कम होती ५९० रुपये. एका महिन्यात पगार दोन दिवस उशिरा झाला म्हणून हप्ता परत गेला होता. त्याचा दंड ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ९० रुपये. हप्ता मी दोन दिवसांनी भरला, दंड राहून गेला, कुणी मागितलाही नाही. त्या ५९० रुपयांनी तीन लाख अडवले. रिपोर्टात ते पान बघितलं तेव्हा आधी हसू आलं, मग घरी कुणाला सांगायची लाज वाटली.

आपल्या भागात आणखी कशानं अडतं ते लिहितो. मी नंतर ओळखीतल्या आठ-दहा जणांचे रिपोर्ट त्यांच्यासोबत बसून बघितले, त्यावरून.

बचत गटाचं, म्हणजे मायक्रोफायनान्सचं कर्ज. घरातल्या बाईनं गटातून चाळीस हजार उचललेले असतात, आठवड्याचा हप्ता चालू असतो, आणि 'ते काय बँकेचं लोन नव्हे' म्हणून अर्जात लिहिलेलं नसतं. ते रिपोर्टात असतं. बँकेला लपवल्यासारखं दिसतं. गटातल्या दुसऱ्या बाईनं हप्ता चुकवला म्हणून आपण भरला असेल तर त्याच्या पावत्याही काढून ठेवा.

जामीनकी. 'सही तर करायची आहे, अण्णा' म्हणून कुणासाठी जामीन राहिला असाल तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टात दिसतं. त्यानं थकवलं की डाग तुम्हाला लागतो.

'सेटल्ड' हा शब्द. कंपनीनं फोन करून 'एवढे भरा, विषय मिटवू' म्हटलं आणि तुम्ही भरलं, की खातं 'क्लोज्ड' होत नाही, 'सेटल्ड' होतं. बँकेच्या डोळ्यांत त्याचा अर्थ असा की यानं पूर्ण फेडलं नाही. उरलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून घेता येतं, पण आधी कंपनीकडून तसं लेखी घ्या, मगच पैसे सोडा.

एकाच नावाची दोन माणसं. एका गावात चार-चार पाटील, त्यात वडिलांचंही नाव सारखं. दुसऱ्याचं ट्रॅक्टरचं कर्ज तुमच्या रिपोर्टात येऊन बसलेलं मी बघितलंय. पॅन, जन्मतारीख आणि पत्ता ताडून बघा.

आणि रिपोर्टच नसणं. आयुष्यात कधी कर्ज घेतलं नाही तर स्कोअरच्या जागी उणे एक दिसतो किंवा काहीच दिसत नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलंय. कारण म्हणून 'नो हिस्टरी' आलं तर फेरविचाराच्या अर्जात हे लिहायला विसरू नका.

५. नाव, पत्ता आणि सीमा

मार्गदर्शकांत हा भाग सापडत नाही, कारण ते लिहिणारे सीमाभागात राहत नाहीत.

नावापासून धरा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर कन्नडातून इंग्रजीत गेलेलं स्पेलिंग, पॅनवर वडिलांचं नाव मध्ये, मतदार कार्डावर नाव भलतंच. पत्त्यात कुठं 'बेलगाम', कुठं 'बेळगावी'. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, जुने कागद तसेच राहिले. माणसाला हे कळतं, मशीनला कळत नाही. आधार आणि पॅन आधी एकसारखे करा, मग बँकेत जाऊन त्याप्रमाणं केवायसी नवी करून घ्या. या क्रमानंच. मी उलटं केलं आणि दोनदा फेरी पडली.

मग पत्त्याची पडताळणी. बँकेच्या वतीनं एखाद्या एजन्सीचा माणूस घरी येतो. आमच्या गावात आलेला माणूस हुबळीकडचा. त्यानं वाटेवर बसलेल्या म्हातारीला कन्नडात माझं कागदावरचं पूर्ण नाव विचारलं. म्हातारीला कन्नड येत नाही, आणि आमचं घर गावात कागदावरच्या आडनावानं ओळखतच नाहीत, आजोबांच्या टोपणनावानं ओळखतात. म्हातारी म्हणाली, "असलं कोण न्हाई बा हितं." तो गडी गेला आणि लिहून दिलं, 'पत्त्यावर अर्जदार आढळला नाही.' मी तेव्हा उद्यमबागेत कामावर. नकाराचं हे दुसरं कारण मला लेखी उत्तरातच कळलं, मेसेजमध्ये नव्हतं.

तेव्हा अर्जात जवळची खूण लिहा: देऊळ, शाळा, दूध डेअरी. गावात ज्या नावानं घर ओळखतात ते नावही लिहा. अर्ज केल्यावर घरच्यांना आणि शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवा की माणूस येणार आहे. पडताळणीचा फोन अनोळखी नंबरवरून येतो, तो उचला.

पत्त्याचा पुरावा म्हणून हेस्कॉमचं वीजबिल चालतं, दोन महिन्यांच्या आतलं हवं. गृहज्योती ही फुकट विजेची योजना आल्यापासून बऱ्याच घरांत शून्य रकमेचं बिल येतं आणि लोक ते फेकून देतात. ठेवा. रक्कम शून्य असली तरी नाव-पत्ता त्यावर असतोच. बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर त्याचा उपयोग नाही, ते आधी बदलून घ्या.

महसूल खात्याच्या नाडकचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला कन्नडात असतो. शाखेत तो वाचतील, पण अर्ज दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात गेला तर तिथं अडतं. सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. चंदगड-आजऱ्याकडं शेत असलेल्यांचा सातबारा मराठीत असतो, त्याचंही तसंच.

राहायला इकडं आणि नोकरी तिकडं असा प्रकार निपाणीत भरपूर. घर कर्नाटकात, काम कागलच्या एमआयडीसीत, पगाराचं खातं कोल्हापूरच्या शाखेत. खानापूरकडची मुलं गोव्यात. काही बँका घर किंवा नोकरीचं ठिकाण शाखेपासून ठरावीक अंतरात असावं अशी अट ठेवतात. अर्ज पगाराच्या शाखेत टाकायचा की घराजवळच्या, हे आधी विचारून घ्या. नकाराचं कारण 'कार्यक्षेत्राबाहेर' असं आलं तर बाकी काही दुरुस्त करत बसू नका, फक्त शाखा बदला.

६. चुकीची नोंद दुरुस्त करा

ज्या कंपनीच्या रिपोर्टात चूक आहे तिच्या वेबसाइटवर 'डिस्प्यूट', म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, नोंदवा. फी नाही. कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, ती कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते. त्यामुळं तुम्ही दोन्हीकडून धक्का द्या: रिपोर्ट कंपनीकडं डिस्प्यूट आणि फायनान्स कंपनीकडं लेखी तक्रार.

तक्रार नोंदवल्यापासून ३० दिवसांत निकाल लागायला हवा. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला असतात. ३० दिवस उलटले तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला देणं लागतं. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. माझं काम २७ दिवसांत झालं, त्यामुळं १०० रुपये काही मिळाले नाहीत.

मी ५९० रुपये भरले, कंपनीकडून नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घेतलं आणि तेच डिस्प्यूटला जोडलं. 'दंड मी देणं लागत नव्हतो' म्हणून भांडता आलं असतं. पण पाऊस तोंडावर होता. ज्यांना तत्त्वासाठी लढायचंय त्यांनी लढावं, मी पैसे टाकून मोकळा झालो.

२०२५ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी महिन्यातून निदान दोनदा माहिती रिपोर्ट कंपन्यांना पाठवायची आहे. म्हणजे दुरुस्ती झाल्यावर दोन-तीन आठवडे थांबून रिपोर्ट पुन्हा बघा आणि बदल दिसल्याशिवाय बँकेत जाऊ नका.

७. फेरविचाराचा अर्ज

आता पहिल्याच बँकेत, त्याच शाखेत. पत्रात तीनच गोष्टी: तुम्ही अमुक कारणानं नाकारलं, ते कारण अमुक कागदानं दूर झालंय, आता पुन्हा विचार करा. घरची अडचण, छप्पर, आईचं दुखणं यातलं काही लिहू नका. मी पहिल्या मसुद्यात अर्धं पान तेच लिहिलं होतं, पुतणीनं खोडून टाकलं.

सोबत न्यायचे कागद:

- नकाराचा मेसेज आणि बँकेचं लेखी उत्तर
- जुना आणि दुरुस्त झालेला, दोन्ही क्रेडिट रिपोर्ट
- नो ड्यूज सर्टिफिकेट, डिस्प्यूटचा क्रमांक
- आधार, पॅन, चालू वीजबिल
- तीन महिन्यांच्या पगार स्लिपा, फॉर्म १६, सहा महिन्यांचं खाते उताऱ्याचं प्रिंट
- धंदा असेल तर दोन वर्षांचे आयकर रिटर्न, जीएसटी असेल तर तेही
- नावात फरक असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र

पगार रोख मिळत असेल तर मात्र कागदांनी फार साधत नाही. आमच्या शेजारच्या युनिटमधल्या एका कारागिराला मालकानं सहा महिने बँकेतून पगार दिला, मगच त्याचं काम झालं. वडगाव-शहापूरच्या मागावर काम करणाऱ्यांनाही हाच सल्ला: आधी खात्यात पैसे यायला लागू द्या.

कारण 'हप्ता उत्पन्नात बसत नाही' असं असेल तर कागद नव्हे, आकडा बदलावा लागतो. समजा हातात पगार २८,००० आणि आधीचा एक हप्ता ६,५०० चा. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या आत असं बँकेनं धरलं तर नव्या हप्त्याला ७,५०० उरतात. तीन लाख, १२ टक्के, तीन वर्षं: हप्ता सुमारे ९,९६४. बसत नाही. तेच पाच वर्षांवर ६,६७३. बसतो. पण तीन वर्षांत व्याज जातं ५९ हजारांच्या आसपास आणि पाच वर्षांत लाखभर, हेही डोळ्यांसमोर ठेवा. मुदत वाढवण्यापेक्षा रक्कम कमी करता येत असेल किंवा कमावती बायको, भाऊ सहअर्जदार होत असेल तर ते बरं.

अर्ज घेऊन व्यवस्थापकांनाच भेटा, आणि महिनाअखेर, तिमाही अखेर टाळून. दहा मिनिटं मागा. मी फाइलला पहिल्या पानावर यादी लावली होती, कुठला कागद कितव्या पानावर. व्यवस्थापकांनी ती यादी वाचली आणि पहिल्यांदाच कुणीतरी "बसा की" म्हणालं.

८. बँक दाद देत नसेल तर

आधी बँकेच्याच तक्रार यंत्रणेत नोंदवा: शाखा, मग विभागीय नोडल अधिकारी. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. दहा किंवा जास्त शाखांच्या बँकांत अंतर्गत लोकपाल असतो. तुमची तक्रार बँक पूर्ण किंवा अंशतः फेटाळणार असेल तर ती आपोआप त्यांच्याकडं जाते, आपण वेगळं जायचं नसतं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशाला एकच योजना आहे, त्यामुळं 'आमचं बेंगळुरूला की मुंबईला' हा प्रश्न उरला नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार भरता येते, कागदावर पाठवायची तर सेक्टर १७, चंदीगड १६००१७ इथल्या केंद्राकडं. फी नाही. १४४४८ या टोल फ्री क्रमांकावर मराठीत आणि कन्नडातही माहिती मिळते. तक्रार वकिलामार्फत दाखल करता येत नाही, त्यामुळं त्यावर खर्च करू नका. मुदत असते, म्हणून नंतर बघू म्हणत बसू नका.

'मला कर्ज द्यायला लावा' असं लिहिलंत की तक्रार तिथंच बंद होते. 'लेखी कारण दिलं नाही', 'पत्राला उत्तर नाही', 'चुकीची नोंद मुदतीत दुरुस्त केली नाही' असं लिहा. सप्टेंबर २०२२ पासून रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्याही या योजनेत आहेत, त्यांच्याविरुद्धही जाता येतं.

सरकारी बँक असेल तर माहितीचा अधिकार वापरता येतो. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि 'माझ्या अर्जावरील मूल्यमापनाची टिपणी व पडताळणी अहवालाची प्रत द्यावी' एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. मला म्हातारीचा तो किस्सा पूर्ण तपशिलानं अशाच कागदातून कळला. खासगी बँकेला हे लागू नाही.

सौहार्द सहकारी संस्था, पतसंस्था यांनी नाकारलं असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल उपयोगाचा नाही, तो विषय सहकार खात्याचा. आपल्याकडं गल्लोगल्ली सोसायट्या आहेत आणि पाटीवर 'बँक' नसलं तरी लोक बँकच म्हणतात. तक्रार लिहायच्या आधी पासबुकावरचं पूर्ण नाव वाचा.

९. मंजूर झालं तर सही करायच्या आधी

माझं तीन लाखांचं अडीच लाखांवर मंजूर झालं. सहीला बोलावलं तेव्हा चाळीसेक पानं समोर ठेवली आणि खुणा केलेल्या जागी सह्या करा म्हणाले.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं. व्याज, प्रोसेसिंग फी, विमा, सगळं धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते त्यात एका ठिकाणी असतं. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं आणि समजावून सांगावं असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवसही मिळतात. मी मराठीत मागितलं. छापील नव्हतं. मग तेच हिंदी बोलणारे अधिकारी खुर्ची ओढून शेजारी बसले, आणि शिपाई म्हणून असलेले वडगावचे काका मध्ये उभे राहिले. साहेब हिंदीत एक ओळ वाचायचे, काका मराठीत सांगायचे. सातव्या ओळीवर विम्याचा हप्ता निघाला, ७,२०० रुपये, कर्जातूनच कापून घेणार. मी विचारलं, हा सक्तीचा आहे काय. साहेबांनी काकांकडं बघितलं, काकांनी माझ्याकडं. "न्हाई वो," काका म्हणाले, "नको म्हणालासा तर काढत्यात." काढला.